किशनरावांची डिक्शनरी

आमच्या गावात इंग्रजी कळणारा माणूस एकच, किशनराव पाटील. हैदराबादेत शिकलेले. काय शिकले, ते कुणी इचारलं न्हाई. तिथून आणलेली जाडजूड डिक्शनरी त्यांनी लाल फडक्यात बांधून ठेवलेली. कोर्टाचा कागद आला की आमी त्यांच्याकडं जायचो. ते फडकं सोडायचे, बुकावर हात ठेवायचे अन् डोळे मिटून अर्थ सांगायचे. दुसऱ्यानं बुकाला हात लावला तर विद्या उडती म्हणे. आमीबी माना डोलवायचो. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन वर्सं झाली अन् केशरबाईला कागद आला. गायरानातली दोन एकर सरकारनं तिला दिली होती. त्यावर किशनरावांनीच अपील केलेलं. निकालात शब्द होता स्टँड.

"स्टँड म्हंजी उभं राहणं," किशनराव म्हणाले. "हुकूम अजून उभाच हाय, केशरे. तो बसंपर्यंत रानात तिफन घालायची न्हाई."

पेरणी तोंडावर आलेली. केशरबाईचं तोंड एवढंसं झालं. पर तिची लेक पंचफुला परभणीला कॉलेजात शिकायली. ती म्हणाली, "पाटील, त्या शब्दाला लय अर्थ हायत. पान काढा की."

"पान मला पाठ हाय."

पोरीनं बुक ओढलंच. उघडाया गेली तर पानं उघडंनात. छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेलीच, कापल्याबिगर वाचता येत न्हाईत असली. वीस वर्सांत त्यांना सुरी लागली नव्हती.

केशरबाईनं कमरेचा विळा काढून दिला. पंचफुलानं पानं कापून वाचलं. उभं राहणं, थांबणं, सोसणं, इलेक्शनला उभं राहणं, मोटारीचा अड्डा, अन् कायम राहणं.

"हुकूम कायम हाय, आई. जमीन तुझी."

किशनराव फडकं बांधत म्हणाले, "अर्थ ढीगभर असतेत. कोन्ता घ्यायचा ते मोठ्या माणसानं ठरवायचं असतंय."

"तेच तर करत आलात तुमी," केशरबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिची तिफन रानात.

मी मातर घरी येऊन पेटी उघडली. बारा वर्सांमागं किशनरावांशी झालेल्या विहिरीच्या भांडणात मलाबी असाच कागद आला होता. किशनराव डोळे मिटून म्हणाले होते, "आश्रुबा, विहीर गेली." आज त्या विहिरीच्या पाण्यावर त्यांचा ऊस हाय. मी मुकाट घरी आलो होतो, याचीच लय चीड आली.

कागद घेऊन पंचफुलाकडं गेलो. तिनं तो एकदा वाचला, परत वाचला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मामा, आधी बसा. विहीर गेलीच नव्हती."