घोट्यातला खडा

दर रविवारी इंदापूर रस्त्याकडेच्या त्या पत्र्याच्या शेडपुढं दोनशे माणूस बसलेलं असायचं. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचं मनगट. आबाजी महाराज दुखऱ्या जागी पाला बांधायचे, डोळे मिटून पुटपुटायचे आणि पाला सोडला की त्यात पांढरा, ओला हाडाचा खडा. बाया हात जोडायच्या. एकानं एक्स-रे पुढं केला, तर महाराज म्हणाले, "मशिनीला खडा दिसायचा न्हाय. मशिनीला श्रद्धा कुठं आसती?" अहो, कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

हे मी डोळ्यांनी पाहिलं, कारण तेजश्रीला घेऊन मीही तिथं गेलो होतो. मी माळेगावला विज्ञान शिकवतो आणि शाळेआधी पोलीस भरतीच्या पोरींना पळवतो. तेजश्री त्यातली सगळ्यात वेगवान. भरतीला दहा आठवडे असताना उसाच्या ट्रॉलीच्या चाकोरीत तिचा घोटा मुरगळला. बारामतीच्या डॉक्टर योगिनीबाईंना एक्स-रेत मोड दिसली नाही, पण सांध्याच्या आत इजा असल्याची शंका होती. एमआरआय करा आणि सहा आठवडे पाय टेकवू नका, असं त्यांनी बजावलं. तिचे वडील समाधानराव बाहेर येऊन मला म्हणाले, "सर, येकदा महाराजांस्नी दाखवू. पोरीचं वरीस वाया जाईल." मी नको म्हणालो, पण पुटपुटल्यासारखं. आज लिहितानाही लाज वाटते.

तेजश्रीच्या घोट्यातूनही खडा निघाला. समाधानरावांनी तो डबीत घालून देवघरात ठेवला. सोबत रोज घ्यायच्या भस्माच्या पुड्या मिळाल्या. चौथ्या दिवशी पोरगी पळायला लागली. महाराजांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण हातातल्या स्टॉपवॉचवर होता, आणि तिची वेळ रोज सुधारत होती. तिचे गाल भरले, तर आम्ही म्हणालो, अंगाला लागलं. मी शाबास, शाबास म्हणत राहिलो.

भरतीला आठ दिवस उरले असताना पळता पळता तिचा घोटा जागीच अडकला. ती मैदानात खाली बसली ती उठलीच नाही. मग कुठं एमआरआय झाला.

योगिनीबाईंनी समजावून सांगितलं. घोट्यातल्या हाडावर कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, गुळगुळीत थर असतो. मुरगळताना त्याचा हाडासकट टवका सुटला होता, आणि आता तो सांध्यात फिरत होता. "तुकडा तर आतच आहे," त्या म्हणाल्या. "मग महाराजांनी काढलं काय?"

समाधानरावांनी डबी आणि उरलेल्या पुड्या आणून दिल्या. तपासणीत तो खडा कोंबडीच्या हाडाचा निघाला, म्हणजे पाल्याच्या घडीत आधीच दडवलेला. पुड्यांमध्ये स्टिरॉइड आणि वेदनाशामक गोळ्यांची पूड होती. म्हणजे दुखणं गेलंच नव्हतं, फक्त कळत नव्हतं, आणि गाल भरले होते ते स्टिरॉइडच्या सुजेनं. आणि त्या पायावर मी पोरीला रोज पळवत होतो. वेळेत विश्रांती दिली असती, तर टवका जागेवर जुळण्याची आशा होती.

बाईंनी दुर्बिणीतून सुटा तुकडा काढला, हाडाला बारीक भोकं पाडली. त्यातून रक्त येऊन तिथं नवा थर धरेल, पण मूळच्यासारखा नाही. चालता येईल, भरती विसरा, असं त्यांनी सरळ सांगितलं. समाधानराव दवाखान्याच्या जिन्यात बसून हमसून हमसून रडले.

आम्ही तक्रार दिली. आबाजी आता कोठडीत आहे, आणि लोक त्याच्या सुटकेची वाट बघताहेत. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: पाला बांधण्याआधी झटकून दाखवायला सांगा. पुडीत काय आहे ते विचारा. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं धरून चालू नका. मशिनीला श्रद्धा नसते, म्हणूनच तिला आतलं दिसतं.

तेजश्री कुबडी घेऊन चालते. तिनं मला कधी दोष दिला नाही. एकदाच विचारलं, "सर, आमाला कळत न्हवतं. तुमाला तर कळत हुतं ना?"

मी हो म्हणालो.