उजव्या बाजूची खुर्ची

"पुन्हा वाच," मी सूनबाईला म्हणाले.

डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी मला वाचायची सक्त मनाई केली होती, म्हणून ती वाचून दाखवत होती. माझ्या धाकट्या बहिणीचं पुस्तक. पुस्तक अजून व्हायचं होतं, छापखान्यातून तपासायला आलेले हे सुटे कागद होते. लोक नातवंडं सांभाळतात त्या वयात आमच्या बाईसाहेबांनी आत्मचरित्र लिहिलं आणि प्रकाशकही गाठला. मला तिचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू? भेटेल त्याला सांगत सुटले होते, भाजीवालासुद्धा सुटला नाही.

सूनबाईने पुन्हा वाचलं. "'लहानपणी आलेल्या तापात ताईचा डावा कान अधू झाला. बाबांनी तिच्यासाठी खूप धावपळ केली.'" मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, की पुढे वाचू ना? म्हटलं, नको, आजच्यापुरतं पुरे. तिने कागद नीट जुळवून ठेवले आणि डोळ्यांत थेंब घालायला आली. थेंब घालताना डोळ्यांतून पाणी येतंच, ते एक बरं झालं.

ताप म्हणे. लहानपणी मला कधी साधी सर्दी झालेली आठवत नाही. आमच्या बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गिऱ्हाइकांशी बाबा इतके गोड बोलायचे की लोक चालू घड्याळ घेऊनही गप्पा मारायला यायचे. तो गोडवा मधलं दार ओलांडून आत काही येत नसे. एकदा दुपारी ते जेवायला उठले असताना धाकटीने टेबलावरचं कुणाचं तरी मनगटी घड्याळ उचललं, टिकटिक ऐकायला कानाशी धरलं आणि ते निसटलं. बारीक चाकं टेबलाखाली घरंगळत गेली. आवाजाने बाबा बाहेर आले, कोणी पाडलं म्हणून विचारलं. धाकटी बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, एवढीशी पोर आहे, हिला एक बसली तर उठायची नाही. मी म्हटलं, "मी पाडलं."

त्या रात्री कानात नुसतं सूं सूं होत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी तेही थांबलं. कसली धावपळ आणि कसलं काय, डॉक्टरला काय सांगायचं हाच घरात प्रश्न होता, म्हणून डॉक्टरकडे नेलंच नाही. शाळेत बाई काय सांगतात ते मला अर्धं कळायचं, अर्धं नाही. बाईंनी ठरवून टाकलं की पोरगी ढ आहे. बाबांनीही ते ऐकून घेतलं. मग शिवणाचं मशीन, मग शर्टाचा कारखाना, आणि जन्मभर काजं. धाकटी शिकली, टायपिंग आणि लघुलिपी केली, एका मोठ्या कंपनीत मोठ्या साहेबांची सेक्रेटरी झाली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पहिल्या दिवशी ती ऑफिसात गेली ते कपडे मीच शिवले होते.

एकच गोष्ट राहिली होती. त्या दुपारबद्दल ती माझ्याशी आजवर एक अक्षर बोललेली नाही. विसरली म्हणावं तर तेही नाही. रस्त्यात, लग्नकार्यात, बाबांच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्याच्या बाकावर, कुठेही असो, ती येऊन माझ्या उजव्या बाजूलाच बसते, कारण मला त्या कानाने ऐकू येतं. कधी चुकली नाही. तिने पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा माझ्या मनात आलं, की तोंडातून नाही निघालं तर आता हातातून निघेल. त्यासाठीच मी वाट बघत होते, आणि निघाला ताप. लोक एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात म्हणे. माझी ती सोडून द्यायची वाटच बंद आहे, त्यामुळे ते वाक्य आत तसंच बसून राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. ती टेबलाशी बसली होती, पुढ्यात त्याच कागदांची तिची प्रत. मला बघून तिने खुर्ची ओढली आणि न सांगता उजवीकडे बसली. चहा करू का म्हणाली. मी सरळ विचारलं, "ताप कुठून आला गं?"

ती कागदांच्या कडा बोटाने सरळ करत राहिली. मग म्हणाली, "लिहिलं होतं मी, ताई. हाताने लिहिलं तेव्हा सगळं लिहिलं होतं. घड्याळ, बाबा, मी तुझ्याकडे बघितलं ते. टाइप करायला बसले आणि बोटांनी असं केलं."

मग तिने मला तिच्या साहेबांचं सांगितलं. साहेब तापट. रागाच्या भरात सांगायचे, त्या गाढवाला लिही, पुन्हा तोंड दाखवू नकोस. ही ते जसंच्या तसं टिपून घ्यायची आणि टाइप करताना लिहायची, की यापुढे आपल्याशी व्यवहार ठेवणे शक्य होणार नाही, याचा खेद वाटतो. साहेब वाचून खूश व्हायचे. अगदी हेच म्हणायचं होतं मला, म्हणायचे आणि सही ठोकायचे. सगळी नोकरी हिने त्यावर काढली. कुणाचा राग, कुणाची शिवी, हिच्या मशीनमधून सभ्य होऊन बाहेर पडायची. स्वतःचं पुस्तकही तिने तसंच टाइप केलं होतं, आणि मजा म्हणजे टाइप करताना तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"नंतर वाचताना लक्षात आलं," ती म्हणाली. "पण वाचून बरं वाटलं गं. वाटलं, असंच झालं असतं तर."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "तुला वाटलं असेल बरं. कान माझा आहे."

ती रडायला लागली. बाबांना लोक अजून मानतात, ते गेले, आता कशाला, असं काहीबाही बोलत राहिली. मी तिला बोलू दिलं. मग सांगितलं, की बाबांचं मला काही नाही, ते गेले आणि त्यांचा हातही गेला. त्यांना तू देव कर नाहीतर आणखी काही कर. मला एकच वाक्य हवंय, आणि ते तुझं हवंय. घड्याळ तू पाडलंस आणि मी माझं नाव सांगितलं, एवढंच.

तिने मान हलवली. कागद उद्याच परत जायचे आहेत, आज बसून दुरुस्त करते म्हणाली. मला रिक्षापर्यंत सोडायला आली ती अर्थात उजव्या बाजूने. त्या दिवशी घरी आल्यावर मला इतकं हलकं वाटत होतं, की सूनबाईने विचारलं, आई, गाणं काय गुणगुणताय?

प्रकाशन वाचनालयाच्या छोट्या सभागृहात होतं. मी आणि सूनबाई लवकर जाऊन पुढच्या रांगेत बसलो. सूनबाई डावीकडे. उजवीकडच्या खुर्चीवर मी माझी पिशवी ठेवून दिली, धाकटी स्टेजवरून उतरली की बसायला. हॉल बऱ्यापैकी भरला. तिच्या ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणी आल्या होत्या, सगळ्यांचे केस पांढरे आणि सगळ्यांचा आवाज मोठा. पुस्तक दिसायला देखणं झालं होतं. प्रकाशकाने तिला लहानपणीचं काही वाचायला सांगितलं. तिने चष्मा लावला, पान शोधलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि वाचलं.

"'लहानपणी घडलेल्या एका दुर्दैवी अपघातात ताईचा डावा कान अधू झाला. त्याबद्दल तिने कधी कुणाला दोष दिला नाही.'"

तापाला बढती मिळून त्याचा अपघात झाला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी हळहळून माझ्याकडे बघितलं. सूनबाईच्या काही लक्षात आलं असावं, तिने माझ्या हातावर हात ठेवला.

मग त्या प्रकाशकाला उत्साह आला. ताईंनी दोन शब्द बोलायलाच हवेत म्हणाला आणि माइक माझ्या हातात दिला. एका वाक्याचं काम होतं. धाकटी स्टेजवर बसून माझ्याकडे बघत होती, त्या दुपारी बघितलं होतं तशीच, अगदी तशीच. आणि मला वाटलं, मी का सांगू? तिच्या वतीने मी एकदा बोलले आहे. पुन्हा मीच बोलायचं का?

मी म्हटलं, "माझी बहीण फार सुंदर टाइप करते. कुणी ओरडून सांगितलेलंसुद्धा तिच्या हातून गोड होऊन निघतं."

सगळे हसले. ऑफिसातल्या मैत्रिणी तर टाळ्या देऊन हसल्या. धाकटी हसली नाही.

कार्यक्रम संपला, चहा सुरू झाला. सूनबाई माझ्यासाठी कप आणायला उठली. तेवढ्यात कुणीतरी तिच्या जागेवर येऊन बसलं आणि माझ्या खांद्याला खांदा लागला. वळून बघितलं तर धाकटी. माझ्या डाव्या बाजूला. तिचं तोंड माझ्या डाव्या कानाजवळ होतं आणि ओठ हलत होते. बराच वेळ हलले. गालाला तिचा श्वास लागत होता, बाकी काही नाही. जन्मात एकदाही बाजू न चुकलेली बाई आज चुकून तिकडे बसली असेल, यावर माझा विश्वास नाही.

ती थांबली. डोळे पुसून माझ्याकडे बघायला लागली, जणू तिच्याकडून काम झालं होतं.

"काही ऐकू आलं नाही," मी म्हणाले. "इकडून सांग."

आणि उजवीकडच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

ती उठली. माझ्या खुर्चीच्या मागून वळसा घालून इकडे आली, खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली. तेवढ्यात टेबलाकडून कुणीतरी हाक मारली, सहीसाठी लोक थांबलेत म्हणून. "आलेच हं ताई," ती म्हणाली. हे मला स्वच्छ ऐकू आलं.

टेबलाशी लोकांची रांग लागली होती. सूनबाई चहा घेऊन आली, आई निघायचं का म्हणाली, रिक्षा मिळायची नाही नंतर. मी म्हटलं, थांबू थोडं. हॉलमधल्या खुर्च्या एकेक करून उचलायला सुरुवात झाली होती. तिथला माणूस आमच्या रांगेपर्यंत आला आणि उजवीकडच्या खुर्चीला हात घालून त्याने विचारलं, ही घेऊ का?

मी पिशवी पुन्हा तिच्यावर ठेवली.

"राहू दे," मी म्हणाले. "बहीण यायचीय माझी."