खारवाडी वगळून

"नाटेकर, ती होडी हलायला अजून किती वेळ लागेल?"

प्राचार्य खांबेटे नुसत्या पायमोज्यांत कॉम्प्युटरच्या खोलीत उभे होते. खोलीत वातानुकूलन असल्यामुळे देवळाप्रमाणे चपला-बूट बाहेर काढावे लागत. फरक इतकाच, की देवळातून निघताना निदान हातावर प्रसाद पडतो.

"हलतेय, सर," केरू नाटेकर म्हणाला. "पण एका चित्रात केसभरच हलते. नऊशे चित्रं झाली की खाडीच्या मुखातून नव्या धक्क्याला येऊन लागेल."

"आणि झाली किती?"

"सत्तरच्या आसपास."

खांबेट्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. कॅलेंडरवर मंगळवार होता. शनिवारी खाडी सुधार मंडळाचे अध्यक्ष मुंबईहून येणार होते, आणि रत्नागिरीच्या या तंत्रशाळेने त्यांना 'कॉम्प्युटरने काढलेला सिनेमा' दाखवायचं कबूल केलं होतं. कबूल खांबेट्यांनी केलं होतं. सिनेमा काढायचा होता प्रयोगशाळा सहायक केरू नाटेकरने. कामाची अशी वाटणी आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे.

साल अठ्ठ्याऐंशी. शाळेत कॉम्प्युटर सहा. एकाच कॉम्प्युटरला नऊशे चित्रं काढायला सांगितलं असतं, तर ती होईपर्यंत मंडळावर दुसरे अध्यक्ष आले असते. म्हणून केरूने सहाही मशीन एका वायरीत ओवली होती. पहिलं मशीन मुकादम. जो गडी मोकळा असेल त्याला ते पुढच्या चित्राचा नंबर देई, झालेलं चित्र आपल्या पोटात ठेवून घेई आणि पुन्हा त्याला कामाला लावी. वायरीच्या दोन्ही टोकांना दोन छोट्या टोप्या होत्या. त्यांतली एक जरी झाडूच्या धक्क्याने निखळली, तरी सहाच्या सहा मशीन एकदम मौनात जात. मग केरू गुडघ्यांवर टेबलांखाली रांगत टोपी शोधी. खांबेट्यांनी एकदा पाहुण्यांना तो तसा रांगताना दाखवून, "हे आमचे नेटवर्कचे तज्ज्ञ," अशी ओळखही करून दिली होती.

आजचं दुखणं मात्र टोपीचं नव्हतं. दुखणं खारवाडीचं होतं.

धक्का व्हायचा होता खाडीपलीकडे, खारवाडीच्या उत्तरेला. वाडीतल्या लोकांना धक्क्यापेक्षा आपल्या घरांची काळजी. तेव्हा मंडळाच्या माणसांनी देवळासमोर सभा घेऊन सांगितलं होतं, "वाडी आहे तिथेच राहील. सिनेमात बघालच तुम्ही." तो सिनेमा आपला केरू काढणार म्हटल्यावर वाडी निर्धास्त झाली. केरू त्याच वाडीतला. आईबाप लवकर गेले. येसूबाई आतेने सुकटीच्या टोपल्या डोक्यावर वाहून त्याला वाढवलं, डिप्लोमापर्यंत शिकवलं. आता तो शहरात खोली घेऊन राही, पण रविवारी तरीच्या होडीने पलीकडे जाऊन तिच्याकडे जेवल्याशिवाय त्याचा आठवडा संपत नसे.

तर केरूने दोन रविवार टेप घेऊन वाडीतलं घर न् घर मोजलं. टेपचं दुसरं टोक येसूबाईने धरलं होतं, आणि तोंडही तिचंच चालू होतं.

"पडवी वाकडी हाय ती वाकडीच घे हां. सरळ केलीस तर लोक म्हनतील दुसऱ्याचा घर हाय."

"होय गो आते."

"आनी पाठली भिंत नको घेव. चुलीच्या धुरान काळी ठिक्कर झालीय ती."

"कॉम्प्युटरात चारच रंग आहेत. धूर नाय त्यात."

"मंग कसला रं तुजा काँप्यूटर!"

केरूने पडवी वाकडीच घेतली. कौलांची ओळ न् ओळ घेतली, तुळशी घेतल्या, शेजारच्या लवूच्या अंगणातली पालथी होडीसुद्धा घेतली. आणि तिथेच घोडं अडलं. कॉम्प्युटरला प्रत्येक रेघेबद्दल विचार करावा लागे, की ही दुसऱ्या कशाच्या मागे लपते का. लपत असेल तर ती पुसायची. खारवाडीत रेघांना तोटा नव्हता. एकेका चित्राला अर्धा तास लागे. त्यात वीज मंडळ दिवसातून दोनदा आपली उपस्थिती अनुपस्थितीने जाणवून देई, आणि प्रत्येक मशीनच्या हातातलं चित्र वाया जाई.

"काहीतरी काढून टाका," खांबेटे म्हणाले. "काय काढता येईल?"

काढता बरंच काही आलं असतं. धक्क्यावर दिव्यांचे चाळीस खांब होते. ते खांबेट्यांना हवे होते. दोन पांढऱ्या आगबोटी होत्या. त्याही त्यांनाच हव्या होत्या. माडांची रांग होती, पण माड म्हणजे सात रेघांचा मामला, आणि अध्यक्षांना माड फार आवडतात असं मुंबईहून कळलं होतं. केरूने खांबेट्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर कंटाळा होता. आपल्यामुळे साहेबाला कंटाळा आला, हा विचार केरूला कधीच सोसत नसे.

"घरं," तो म्हणाला. "घरं काढली तर पाच मिनिटांत चित्र होईल, सर."

"उत्तम! डोकं आहे हो तुम्हाला, नाटेकर." खांबेट्यांनी त्याची पाठ थोपटली आणि ते बूट शोधायला बाहेर गेले.

कळ दाबली. खारवाडी गेली. मुकादमाने काही विचारलं नाही. सहाही मशीन पुन्हा पहिल्या चित्रापासून चटाचट कामाला लागली. संध्याकाळी बसस्टँडसमोर भजी खाताना केरूला सुचलं, की कौलं काढून नुसते चौकोनी खोके ठेवले असते तरी चाललं असतं. घर म्हणून ओळखू आलं असतं. पण तोवर दोनशे चित्रं झाली होती, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं तर खांबेट्यांचं तोंड. केरूने आणखी एक प्लेट भजी मागवली.

लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या बाळाने शुक्रवारी पडद्यावरून चालतं चित्र कॅसेटवर उतरवून घेतलं, आणि सवयीने मागे सनईही लावून दिली.

शनिवारी सभागृहात दोन टीव्ही मांडले होते. खारवाडी झाडून आली होती. येसूबाईने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, तिची सून मालन बरोबर होती. ती सगळी तिसऱ्या रांगेत बसली. मग शिपायाने त्यांना पाहुण्यांसाठी उठवलं, तशी शेवटच्या रांगेत जाऊन बसली. "हितनं उलट बरा दिसता," येसूबाई शेजारणीला म्हणाली.

खांबेट्यांनी भाषणात केरूला उभं केलं. "सर्वांना सांगा, नाटेकर, कॉम्प्युटरचं वैशिष्ट्य काय?"

केरूने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "कॉम्प्युटर चूक करत नाही आणि खोटं बोलत नाही."

टाळ्या पडल्या. दिवे गेले, या वेळी मुद्दाम घालवलेले होते. सनई वाजू लागली. निळसर पाण्यावरून पांढरी होडी निघाली. गुलाबी किनारा आला. दिव्यांचे खांब आले, माड आले, आगबोटी आल्या. माडांमागे गुलाबी जमीन पसरली होती. स्वच्छ, सपाट, लाद्या बसवायची तेवढी बाकी. होडी धक्क्याला लागली. सनई थांबली.

"केरू!" शेवटच्या रांगेतून आवाज आला. समुद्रावर हाका मारायची सवय असलेला आवाज. "आमचा घर खय हाय रं त्यात?"

पुढच्या रांगेत हसू फुटलं. केरू उठून मागे गेला. तिथवर जाताना ते सभागृह त्याला खाडीएवढं वाटलं. तो वाकून हळूच म्हणाला, "आते, घरं माडांच्या पाठी गेली. पाठची रेघ कॉम्प्युटर पुसतो. त्याचा नियमच आहे तसा."

वाडीने मान डोलावली. नियम म्हटल्यावर प्रश्नच मिटला. येसूबाई मात्र क्षणभर हिशेब लावत राहिली. "मंजे पान्याकडनं बगितला तर आमची पाठली भिंत दिसली असती? बरा झाला बाय माडांनी झाकली ती! एवड्या मोट्या लोकांत लाज गेली असती माजी."

आणि तिने खरंच पदर तोंडाला लावला.

तिकडे अध्यक्ष बशीत चहा ओतत म्हणत होते, "खांबेटे, ही माडांमागची जागा तर मोकळीच आहे हो! आम्ही उगीच धक्का उत्तरेला नेत होतो. विश्रामगृह, गोदाम, सगळं बसेल इथे."

केरूने ते ऐकलं. तो जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. "साहेब, तिथं घरं आहेत. वाडी आहे ती."

"कुठे? आत्ताच तर बघितलं आम्ही."

"ती मी सिनेमातून काढून टाकली, साहेब. वेळ नव्हता म्हणून."

अध्यक्ष मनापासून हसले. "अहो, आत्ताच म्हणालात ना, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही?"

"नाटेकर फार विनोदी आहेत," खांबेटे म्हणाले, आणि त्यांनी बिस्किटांची बशी केरूच्या हातात देऊन त्याला दुसऱ्या टोकाकडे पिटाळलं. केरू बशी घेऊन गेला. तेवढी वाट तो पुढे किती वेळा मनात चालला, कोण जाणे. प्रत्येक वेळी तो बशी खाली ठेवून परत फिरे आणि मोठ्याने बोले. त्या दिवशी मात्र तो बिस्किटं वाटत राहिला. एक बिस्किट येसूबाईनेही घेतलं.

पुढचे कितीतरी रविवार त्याने तापाचं निमित्त सांगितलं. शिमगा झाला. खाडी मंडळाचे मोजणीवाले वाडीत येऊन गेल्याचं बाळाने सांगितलं, तेव्हा केरू रजा टाकून तरीत बसला. सगळं सांगायचं ठरवूनच. तरीतून उतरेपर्यंत पहिलं वाक्य तयार होतं: आते, घरं माडांच्या पाठी गेली नव्हती, मी खोटं बोललो.

येसूबाई घराच्या मागे होती. लुगडं खोचून, काथ्याच्या कुंचल्याने मागच्या भिंतीला चुना लावत होती. मालन बादली धरून उभी होती. निम्मी भिंत पांढरीफटक झाली होती.

"इलास? ताप गेला?" ती म्हणाली. "ही बग. आता पान्याकडनं घे नायतर आकाशातनं घे, भ्यायाची गरज नाय. तुजे सायब परत काडनार असतील ना शिनेमा?"

"आते..."

"मोजनीवाले पन इलेले. भले मानूस. हीच भिंत बगितली त्यांनी पयली. काळी व्हती तवा, मेली."

भिंतीच्या मधोमध, डोक्याएवढ्या उंचीवर, लाल रंगात आकडा लिहिलेला होता. अठरा. शेजारच्या घरावर सतरा होता, पलीकडे लवूच्या घरावर एकोणीस. येसूबाईने चुना देताना आकडा सोडला होता. त्याच्या भोवती धुराचा काळा चौकोन तसाच ठेवला होता, कडा सरळ, जणू पट्टी लावून आखलेल्या.

"हा का ठेवलास?"

"सरकारी हाय तो," ती म्हणाली. "आपन कसा पुसायचा? माजा हात दुकतो रं, वरचा पोचत नाय. तू दे जरा."

केरूने चपला काढल्या. का काढल्या ते त्यालाही कळलं नाही. मग त्याने कुंचला घेतला, बादलीत बुडवला, काठावर निथळवला, आणि आकड्याला धक्का न लावता त्याच्या वरची भिंत पांढरी करायला लागला.

"चौकोनाची कड सांबाळ," येसूबाई खालून म्हणाली.

"होय गो आते," तो म्हणाला.