मी थांबच म्हणत होतो

मी कीबोर्ड बोलतोय. हो, तोच! ज्याच्याशेजारी तुम्ही बिनधास्त चहाचा कप ठेवता आणि काही अडलं की ज्याला पहिली थापट मारता. आधीच कबूल करतो, मी जन्माचा भित्रा आहे. पाण्याला भितो, मुंग्यांना भितो. सगळ्यात जास्त भितो ते "बदलून टाका हो याला" या चार शब्दांना. माझ्या जातीतले निम्मे त्या चार शब्दांनीच गेले.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. एका बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं, स्पेसबारवर दोनदा टकटक केली आणि मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते थेट मंडावे शहरात, एका बेकरीच्या वरच्या माडीवर. तिथे दोन खोल्यांचं ऑफिस होतं. खालून सकाळ-संध्याकाळ गरम पावाचा वास यायचा आणि पावाचा चुरा माझ्या फटींत जायचा.

माझी मालकीण फ्लोरदेलिसा. सगळे तिला फ्लोर म्हणत. ती प्रोग्राम लिहायची, आणि काय लिहायची म्हणून सांगू! माउसला हात लावणं तिला कमीपणाचं वाटे. प्रोग्राम उघडायचा, चालवायचा, तपासायचा, बंद करायचा, सगळं माझ्यावरूनच. माउस बिचारा कोपऱ्यात धूळ खात पडलेला असे. मला तेव्हा या गोष्टीचा मोठा अभिमान वाटायचा. आता तो आठवला तरी अंगावर काटा येतो.

तेव्हा फ्लोर आणि तिचे साहेब, रुस्तिको सर, समुद्रकाठच्या एका बोटींच्या कारखान्यासाठी प्रोग्राम करत होते. दुरुस्तीला आलेली बोट पाण्यातच एका लोखंडी गाड्यावर चढवायची आणि तो गाडा रुळांवरून तारेच्या दोराने वर ओढायचा. वरच्या टोकाला दगडी भिंत. गाडा भिंतीच्या दोन हात अलीकडे थांबला, की एक माणूस भिंत आणि गाडा यांच्या मधल्या जागेत शिरून चाकांखाली पाचर ठोकणार.

तो माणूस म्हणजे फ्लोरचा बाप, तेओपिस्तो. तीस वर्षं त्याने गाड्याचा दांडा हाताने चालवला होता. आता दांड्याचं काम कॉम्प्युटरकडे गेलं आणि त्याच्याकडे पाचर आली.

"माझी नोकरी माझ्याच पोरीने खाल्ली," तो कौतुकाने सगळ्यांना सांगायचा. "वर मलाच गाड्यासमोर उभं करते. अशी पोर आहे माझी!"

"ताताय, गप्प बसा हो," फ्लोर म्हणायची. बापाला ती ताताय म्हणे. "हाताने तरी कुठे दर वेळी वेळेवर थांबवत होतात? भिंतीला पोचे काय मी पाडलेत?"

पडद्यावर एक मोठं हिरवं बटण होतं, 'ओढा' असं लिहिलेलं. ते माउसने दाबा नाहीतर माझ्यावरचं एक अक्षर दाबा, गाडा निघायचा. थांबवायचं काम मात्र एकट्या माझ्या स्पेसबारचं. घाईच्या वेळी माउसचा बाण शोधत कोण बसेल, आणि एवढा लांब स्पेसबार कुणाचा चुकेल, असं रुस्तिको सरांचं म्हणणं होतं. ऑफिसात फ्लोरने शंभरदा तपासलं. अक्षर दाबलं, निघाला. स्पेसबार दाबला, थांबला. एकदाही चूक नाही.

मग आम्ही समुद्रकाठी आलो. रुळांच्या वरच्या खोलीत, खाली गाडा दिसेल अशा खिडकीपाशी टेबल मांडलं, बाळ येशूची मूर्ती ठेवली, आणि फादरना बोलावणं गेलं. आमच्याकडे फादरनी पाणी शिंपडल्याशिवाय नव्या यंत्राला कुणी हात लावत नाही. फादर आले, प्रार्थना झाली, आणि त्यांनी पवित्र पाण्याचा असा सढळ फवारा मारला की माझी बोबडीच वळली. दोन थेंब सरळ स्पेसबारच्या फटीत गेले.

"आता फादर, तुमच्याच हाताने सुरू होऊ दे," कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या. त्यांना सगळे नांग प्रिस्का म्हणत. नांग म्हणजे थोरली बहीण. मानाच्या पाहुण्याला अक्षर कुठे शोधायला लावणार? फ्लोरने त्यांच्या हातात माउस दिला. फादरनी हिरव्या बटणावर नेम धरून टिचकी मारली. रिकामा गाडा निघाला. टाळ्या झाल्या.

भिंत जवळ आली तशी फ्लोरने स्पेसबार दाबला. गाडा थांबला. तिने बोट उचललं आणि गाडा पुन्हा निघाला! तिने परत दाबला, परत थांबला, सोडताच परत निघाला. रुस्तिको सर जिना उतरून फाटकाजवळच्या मुख्य स्विचकडे धावले, तोवर गाडा धाडकन भिंतीवर आदळला होता.

मी तुम्हाला शपथेवर सांगतो, मी थांबच म्हणत होतो. पण माझा निरोप पडद्यावर गेला की आधी कुणाच्या हाती पडतो, माहीत आहे? माउसने ज्या बटणावर शेवटची टिचकी मारली असेल, त्याच्या हाती. त्या हिरव्या शहाण्याला वाटलं, ही टकटक आपल्यासाठीच आहे. स्पेसबार खाली गेला की निरोप पुढे जाऊन गाडा थांबायचा, आणि स्पेसबार वर आला की हे महाशय स्वतःला पुन्हा दाबून घ्यायचे. ऑफिसात फ्लोरने माउसला कधी हातच लावला नव्हता, मग तिला हे दिसणार कुठून?

पण त्या दिवशी सगळ्यांची नजर माझ्यावर वळली. माझ्यावर पाण्याचे थेंब चमकत होते. फादर समोर उभे, पाणी पवित्र. त्याने यंत्र बिघडलं असं तोंडातून काढायचं कुणी? सगळे भाजलेल्या डुकराच्या ताटांकडे वळले आणि हवापाण्याच्या गप्पा मारू लागले. निदान कुणी मोठ्याने बोलला असता, तर कुणी उलटून विचारलंही असतं, की पाण्याने बिघडलेलं बटण दर वेळी थांबवतं कसं? मनातल्या मनात सगळ्यांचं ठरून गेलं होतं.

फादर गेल्यावर रुस्तिको सर हळूच म्हणाले, "बदलून टाकू याला."

ऐकलंत? तेच शब्द! फ्लोरने मला उलटं करून झटकलं, स्पेसबार काढून पुसला, कोऱ्या पानावर शंभर वेळा दाबला. शंभर जागा सरळ सुटल्या.

"सर, हा तर ठीक वाटतोय," ती म्हणाली.

"फ्लोर, नको तिथे डोकं घालू नकोस. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय."

नवा कीबोर्ड आला. फ्लोरने दहा वेळा गाडा चालवला, अर्थातच अक्षर दाबून, आणि दहाही वेळा तो नीट थांबला. झालं, माझ्यावर गुन्हा शाबीत! पण मला फेकायची कुणाची हिंमत होईना, कारण माझ्यावर पवित्र पाणी पडलेलं. म्हणून मला बाळ येशूच्या पायाशी, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. जीव वाचला म्हणून मी आनंदात असायला हवा होतो, पण मला पुढचं दिसत होतं. पुन्हा समारंभ होणार, पुन्हा मानाच्या हातात माउस जाणार, आणि या वेळी खाली तेओपिस्तो असणार. मला एक शब्द बोलता आला असता, तर मी माझी सगळी बटणं त्यासाठी दिली असती.

तसंच झालं. पहिली खरी बोट गाड्यावर चढली. नांग प्रिस्कांनी माउस धरला, हिरव्या बटणावर टिचकी मारली. पाण्यातून बोट वर येऊ लागली. तेओपिस्तो पाचर खांद्यावर घेऊन भिंतीपाशी उभा. दोन हात अंतर राहिलं, फ्लोरने स्पेसबार दाबला आणि गाडा थांबला. तेओपिस्तो वाकून मधल्या जागेत शिरला. त्याच वेळी फ्लोरने स्पेसबारवरचं बोट उचललं.

गाडा निघाला.

"इंदाय!" खालून त्याची हाक आली. लाडाने तो तिला इंदाय म्हणायचा, पण त्या हाकेत लाड नव्हता. "इंदाय, थांबव!"

फ्लोर नव्या कीबोर्डवर टकाटक मारत सुटली. दर फटक्याला गाडा थांबे आणि वीतभर पुढे सरके. ती जितकी घाबरून मारत होती, तितका तो बापाकडे जात होता. नांग प्रिस्का किंचाळल्या. रुस्तिको सर जिन्यावरून उड्या टाकत गेले. बोटीचा पुढचा भाग तेओपिस्तोच्या छातीला लागला, पाठीला भिंत. मला वाटलं, संपलं. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो आणि मला मिटायला डोळे नव्हते.

तेवढ्यात फ्लोरने दोन्ही तळहात स्पेसबारवर टाकले आणि ती सगळ्या अंगाने त्यावर ओणवली. हात उचललेच नाहीत. गाडा थांबला, थांबूनच राहिला. तिची नजर पडद्यावर होती, आणि तिथे ते हिरवं बटण तिच्या तळहातांबरोबर खाली दबलेलं होतं. माउसला तर कुणाचा हातही नव्हता.

"अगं बाई," ती पुटपुटली, "हे माझंच आहे. माझंच."

फाटकाजवळचा स्विच पडला. गाडा हातांनी मागे ढकलून तेओपिस्तोला काढला. दोन बरगड्या गेल्या होत्या. तो वाळूत बसला, आणि पोरगी त्याच्यापुढे गुडघ्यांवर.

रुस्तिको सर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "हाही कीबोर्ड खराब निघाला असं सांगू. समुद्राची खारी हवा आहे, कुणालाही पटेल."

"माझ्या बापाच्या बरगड्या कीबोर्डने नाही मोडल्या, सर," फ्लोर म्हणाली. आणि नांग प्रिस्कांसमोर, सगळ्या कामगारांसमोर तिने चूक सांगितली. "पाण्याची नाही, कीबोर्डची नाही, माझी. मी माउसने एकदाही तपासलं नाही." एवढं बोलून ती रडायला लागली.

तिने काय केलं म्हणाल, तर त्या हिरव्या बटणाला माझे निरोप मध्येच घ्यायची सक्त मनाई केली, आणि भिंतीपाशी एक खरंखुरं लाल बटण बसवलं. नव्या कीबोर्डला आता कुणी हात लावेना, म्हणून कट्ट्यावरून मला उतरवून परत टेबलावर आणलं.

मी अजून तिथेच आहे. स्पेसबार झिजून गुळगुळीत झालाय. तुमच्याकडे एकच मागणं आहे. आम्हाला बदलण्याआधी एकदा तरी बघा, आमचा निरोप कुणाच्या हाती पडतोय ते. आणि तुमच्या यंत्राला जो हात खरोखर लागणार आहे, त्याच हाताने ते तपासा.

फ्लोरने तेच केलं. छाती आवळून बांधलेल्या बापाला तिने खिडकीपाशी बसवलं, त्याच्या हातात माउस दिला, आणि स्वतः खाली जाऊन भिंतीपाशी उभी राहिली.

"वेडी झालीस का? चढ वर!" तेओपिस्तो ओरडला.

"ताताय, सुरू करा. नाहीतर उद्या इथे दुसऱ्या कुणाला उभं करावं लागेल."

त्याने शिवी हासडली, बाळ येशूकडे पाहिलं आणि टिचकी मारली. रिकामा गाडा तिच्या दिशेने निघाला. दोन हात राहिले, तसा त्याचा अंगठा माझ्या स्पेसबारवर आदळला. गाडा थांबला. ती मधल्या जागेत शिरली.

पण घात नेहमी उचलतानाच झाला होता. त्याने अंगठा माझ्यावर दाबूनच धरला होता.

"उचला, ताताय."

"नाही जमत गं."

"उचला. मी इथेच आहे."

त्याने डोळे गच्च मिटले आणि अंगठा उचलला.

बराच वेळ त्याने डोळे उघडलेच नाहीत. खालून पाचरीवर हातोडा पडल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा, तेव्हा कुठे त्याने उघडले.