घरचा अर्ज

नागपूरहून सर्वेक्षणाचा तो लिफाफा आला तेव्हापासून मैत्रेयीचं डोकं भणभणत होतं. नेरच्या व्यसनमुक्ती केंद्रात ती अकरा वर्षांपासून समुपदेशक. सकाळी पिणाऱ्यांच्या कहाण्या ऐकायच्या, दुपारी त्यांच्या बायकांच्या, आणि आता म्हणे दुसऱ्यांचं हे सगळं ऐकून ऐकून आपल्या मनाला किती मार बसला, तेही मोजून द्यायचं. वीस प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चौकोन, ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत. आणि मराठी अशी की लिहिणारा घरी चहा कोणत्या भाषेत मागतो, कोणास ठाऊक.

“‘सेवार्थींच्या आघातजन्य अनुभवांचे विचार इच्छेविरुद्ध मनात येतात काय?’” तिनं मोठ्यानं वाचलं. “ऐकलं का रामधनभाऊ? काल तुमच्या अंगावर ओकला ना, तो सेवार्थी.”

वॉर्डातला मदतनीस रामधन गोळ्यांच्या पुड्या लावत होता. सात वर्षांपूर्वी तो याच केंद्रात पेशंट म्हणून भरती झाला, बरा झाला आणि इथंच कामाला लागला. “भरून टाका ना बाई,” तो म्हणाला. “पाच वाजता ती सर्वेवाली पोरगी कागद न्यायले येते.”

भरून टाका! पहिली खूण करायच्या आत ती तीनदा उठली. बाभुळगावच्या पेशंटनं सलाइन उपटली, मग त्याच्या आईनं रडायला सुरुवात केली, मग लाइट गेली. माणसाचं मन मोजायला निघालेल्यांनी निदान मोजायला वेळ तरी द्यावा. साडेचारला ती वैतागून बसली आणि ‘कधीच नाही’च्या चौकोनांवरून पेन खाली ओढत नेला.

चौदाव्या प्रश्नाशी पेन अडला. कामाचा परिणाम घरच्या नात्यांवर होतो काय?

आज सकाळीच तिच्या नवऱ्यानं, रवीनं, मोटरसायकलला बॅग बांधली होती. रवी विजेच्या ऑफिसात लाइनमन. खांबावर चढणारा माणूस, आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नाही. तरी गेली चार वर्षं तो दारात आला की मैत्रेयी डबा घ्यायच्या निमित्तानं पुढे व्हायची आणि त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. आधी तो हसला. मग भांडला. मग त्यानं बोलणंच टाकलं. आज मात्र बॅगेचा पट्टा आवळत म्हणाला होता, “संध्याकाळी तुले केंद्रातून घरी सोडतो अन् राजूरले भावाकडे जातो. तिथं कोणी माह्यं तोंड हुंगत नाही.” परत केव्हा येणार, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

तिनं ‘कधीच नाही’वर खूण केली आणि कागद टेबलावर आपटला.

लिफाफ्यात घालायला म्हणून रामधननं तो उचलला. वरपासून खालपर्यंत पाहिला. मग हळूच म्हणाला, “बाई, मी भरती झालतो तवा तुम्ही मले विचारलं होतं, किती पेता. मी काय सांगितलं होतं?”

“रामधनभाऊ, आपलं काम करा.”

“कधीच नाही, म्हटलं होतं. मंग तुम्ही माह्या बायकोले, बिजलीले बोलावलं.”

तो केंद्राचा नियमच होता, आणि तो मैत्रेयीनंच घातला होता. पेशंट एक क्वार्टर म्हणाला की दोन लिहायच्या. ‘कधीच नाही’ म्हणाला तर त्याचा कागद बाजूला ठेवायचा आणि घरच्या माणसाकडून दुसरा भरून घ्यायचा. त्याला सगळे घरचा अर्ज म्हणत.

“मी पेशंट हाओ का?” मैत्रेयी भडकली. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली.

रवी आत आला. बायकोसमोर उभा राहिला, थोडा वाकला आणि तोंड उघडून ‘हा’ केलं. सुटीहून परतणाऱ्या पेशंटला फाटकात करायला लावतात, तसंच. एखादा माणूस चप्पल काढतो तितक्या सवयीनं त्यानं ते केलं, आणि रामधन तिथं उभा आहे हे त्याला नंतर दिसलं. मैत्रेयीला शरमेनं जागच्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं.

रामधननं लिफाफ्यातली दुसरी, कोरी प्रश्नावली रवीच्या हातात दिली. “रवीभाऊ, एवढा घरचा अर्ज भरून द्या.”

“काही गरज नाही,” म्हणत मैत्रेयीनं हात पुढे केला. पण रवी कागद घेऊन भिंतीजवळच्या बाकावर बसला. अकरा वर्षं पेशंटच्या बायका त्याच बाकावर बसून लिहीत आल्या होत्या. नवऱ्याला दिसू नये म्हणून त्या कागदावर डावा हात आडवा धरत. रवीनंही तसाच धरला.

फार वेळ लागला त्याला. लिहून झाल्यावर त्यानं कागद तिच्यापुढे ठेवला. नेहमी, नेहमी, बरेचदा, नेहमी. चौदाव्या प्रश्नापुढे एकही चौकोन भरलेला नव्हता. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, तिलाच विचारा, मी विचारून थकलो.

“अजी, आता नाही करत मी. तुमची शप्पथ,” मैत्रेयी बोलून गेली आणि तिथंच थांबली. हे वाक्य या खोलीत तिनं हजारदा ऐकलं होतं, आणि दरवेळी समोरच्या बाईला बजावलं होतं की यावर विश्वास ठेवू नका.

तिनं स्वतःचा कागद फाडला. रवीच्या कागदावर चौदाव्या प्रश्नापुढे स्वतः ‘नेहमी’ची खूण केली आणि तो लिफाफ्यात घातला. मग पेशंटच्या स्टुलावर बसली. “खोटं लिहिलं होतं मी,” ती म्हणाली. “मले लय त्रास होऊन राह्यला.”

“माहीत आहे,” रवी म्हणाला. तो उठला. “तुले घरी सोडतो. राजूरले मात्र जातोच.”

“परत केव्हा येता?”

“रविवारी. भेटीचा वार तोच असते ना तुमच्याकडे?”

घराच्या दारात तिला उतरवून तो सवयीनं तोंड उघडून तिच्याकडे वाकला. वास येऊ नये म्हणून मैत्रेयी दोन पावलं मागे सरकली आणि तिनं तोंड फिरवलं. रवीनं उघडलेलं तोंड मिटलं, गाडीला किक मारली आणि निघून गेला.