शेषेराव नावाची शाल

आमच्या मुलखात माणसाचा सत्कार करायचा म्हणजे शाल आणि नारळ. नारळाचं मी खात्रीने सांगू शकतो, कारण लातुरात माझं किराणा दुकान आहे. सत्कारात आलेला नारळ मी दुसऱ्या दिवशी दुकानात मांडतो आणि आठवड्याच्या आत कुणीतरी तोच नारळ दुसऱ्या सत्काराला घेऊन जातं. शालीचंही तसंच. खांद्यावर टाकायची, फोटो काढायचा, घडी घालायची, की पुढच्या सत्काराला ती प्लास्टिकच्या पिशवीत पुन्हा तयार. यात कुणाला काही वाईट वाटत नाही. वाटलं ते फक्त माझ्या बायकोला.

बायकोचं नाव रत्नम्मा. माहेर उदगीरकडचं, हातमागावर विणायला ती वडिलांकडून शिकली. दुकानाच्या वरची खोली खरं म्हणजे गहू-साखरेच्या पोत्यांसाठी बांधली होती. तिथं आता तिचा माग आहे, दुपारी पोरीबाया शिकायला येतात, आणि माझी पोती जिन्यात पडून असतात. शिवाय नांदेड, मुखेड, औसा, जिथं कुठं हस्तकलेचं प्रदर्शन भरेल तिथं ती छोटा माग घेऊन जाते आणि लोकांना विणून दाखवते. ‘ती घेऊन जाते’ म्हणजे मी घेऊन जातो. माग सोडवायचा, बांधायचा, एसटीत चढवायचा, त्याच्या तिकिटावरून कंडक्टरशी भांडायचं, ही सगळी कामं माझी. स्टॉलवर लोक मला मॅडमचा मदतनीस समजतात. एकाने तर पगार विचारला. म्हटलं, जेवणावर आहे.

प्रत्येक प्रदर्शनात तिचा सत्कार होतो आणि हातमागावर विणणाऱ्या या बाईला मिलची चकचकीत शाल मिळते. बरीच वर्षं तिने मूग गिळले. मग एका वर्षी नांदेडला उद्घाटनाच्या पाहुण्यांना आपण विणलेली शाल द्यायची, असं तिने ठरवलं. महिनाभर खपली. मातकट रंगाची सुती शाल, दोन्हीकडे डाळिंबी काठ. मी जरा हात फिरवला, तर आधी हात धुऊन या म्हणाली. किडा लागू नये म्हणून घडीत मी कडुलिंबाची पानं ठेवली. ती शाल घडीसकट पाहुण्यांच्या खांद्यावर पडली, टाळ्या झाल्या, आणि त्यानंतर थंडीभर रत्नम्मा बाजारात लोकांचे खांदे बघत फिरली.

थंडी सरता सरता मुखेडला प्रदर्शन होतं. बसस्टँडवर उतरलो तर एक म्हातारा हमाल पुढे आला. मागाचं गाठोडं बघून म्हणाला, “आक्का, घरच उचलून आनलाव का?” आणि ते डोक्यावर घेऊन चालूही लागला. वाटेत कुणाची गाडी कुठं लागली, कोणती सुटली, हे न विचारता सगळ्यांना सांगत होता. हॉलमध्ये माग ठेवून तो निघून गेला. नाव विचारायचं काही मला सुचलं नाही.

संध्याकाळी रत्नम्माचा सत्कार झाला. अध्यक्षांनी पिशवीतून शाल काढली, झटकली, तर वाळलेली कडुलिंबाची पानं रत्नम्माच्या केसांवर आणि अध्यक्षांच्या बुटांवर पडली. रत्नम्माने काठ चिमटीत धरून पाहिला. तिचीच शाल, घडीसुद्धा न मोडता, किती गावचे सत्कार करून परत आली होती देव जाणे. फिरून फिरून भोपळे चौकात. फोटोत मी तिच्या मागे उभा आहे आणि माझा चेहरा चोरासारखा दिसतो, पानं माझी होती ना.

रत्नम्मा चिडली की कन्नडमध्ये बोलते. मुखेडहून लातूर येईपर्यंत ती एसटीच्या खिडकीशी कन्नडमध्ये बोलत होती. घरी आल्यावर मराठीत म्हणाली, “लोक हात लावतेत, फोटो काढतेत, भिंतीला टांगतेत. पांघरत कुणीच न्हाई. आता एकच शाल विनते. ती बी कुणी पांघरली न्हाई, तर माग सोडते. तुमची पोती वर न्या.”

पोत्यांची सोय होणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही. वर मागाची खटखट चालू नसली की दुकानात मला करमत नाही, माझा हिशेब चुकतो. हे तिला मी कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

तोडगा काढला तो पुनमने. ही तिची सगळ्यात बडबडी शिष्या. ती म्हणाली, काकू, काठातच पाहुण्याचं नाव विणा की. नाव असलेली शाल पुढं कशी ढकलतील? नांदेडच्या पुढच्या प्रदर्शनाला शेषेराव नावाचे मोठे कंत्राटदार पाहुणे होते. आडनाव लांबलचक, काठात मावेना, म्हणून नुसतं शेषेराव ठरलं. पुनमने चौकटीच्या कागदावर अक्षरं काढून दिली. रत्नम्मा लहान लहान कांड्यांवर वेगळा दोरा घेऊन एकेक अक्षर भरत गेली. त्यातल्या ‘षे’च्या पोटातल्या तिरक्या रेघेने तिचा जीव खाल्ला. तेवढे दिवस मी जेवण स्वतः वाढून घेत होतो.

कंत्राटदार भलतेच खूश झाले. नाव दिसेल असा फोटो त्यांनी तीन बाजूंनी काढून घेतला. आता कुठं जाते शाल, असं रत्नम्मा म्हणाली. मी मान डोलावली. पण दुकानदार माणूस मी, मालाला गिऱ्हाईक कुठून ना कुठून मिळतंच, हे मला ठाऊक होतं.

पुन्हा थंडी, पुन्हा मुखेड. या वेळी स्टँडवर तो हमाल दिसला नाही. गाठोडं मीच हॉलपर्यंत नेलं आणि कमरेतून वाकलो तो वाकलोच. वर बघतो तर हमाल स्टेजवर, सत्काराच्या खुर्चीत. धुतलेला सदरा, विंचरलेले केस, आणि हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

चहा देता देता कमिटीचा सचिव बालाजी माझ्या कानाशी लागला. कंत्राटदारांनी एक शाल कमिटीला दिली होती, वापरा कुठंतरी म्हणून. सकाळी पिशवी फोडली तर काठात नाव निघालं. दुसरी शाल आणायला वेळ नव्हता, तेव्हा आता शेषेरावच शोधणं आलं. गावात एक शेषेराव होते ते पुण्याला लेकाकडे गेलेले, दुसरे विरोधी गटाचे. उरला हा तिसरा. सत्कार कशाबद्दल करताय, असं मी विचारलं.

“ते अजून ठरवून राहिलोत,” बालाजी म्हणाला.

मी रत्नम्माकडे पाहिलं. तिने शाल ओळखली होती. हातातला आडवा दोरा ओवायचा धोटा तिने मागावर ठेवून दिला. पोती वर न्यायची वेळ आली, असं मी मनात धरलं.

बालाजीने माईक हातात घेतला. गेली अनेक वर्षं, म्हणाला आणि अडकला. मग म्हणाला, आपल्या बसस्थानकावर प्रवाशांचं ओझं उचलणारे. पुढे आणखी चाचपडत म्हणाला, कुणाची गाडी चुकू न देणारे. बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं की यातलं काहीच खोटं नाही. हॉलमधल्या लोकांच्याही ध्यानात आलं, कारण लग्नाच्या रुखवतापासून दवाखान्यातल्या पेशंटपर्यंत प्रत्येक घरचं काही ना काही त्या माणसाने वाहिलेलं होतं. अशा टाळ्या कंत्राटदारालाही पडल्या नव्हत्या.

शेषेराव फोटोसाठी थांबलाच नाही. काठावर बोट ठेवून त्याने एकेक अक्षर वाचलं. शे. षे. रा. व. मग माईकजवळ तोंड नेऊन म्हणाला, “माझं नाव कुणी विनलं हे?”

बालाजी छताकडे बघू लागला. रत्नम्मा उभी राहिली. आता कन्नड सुरू होणार म्हणून मी डोळे मिटले.

“मी विनलं, दादा.”

“माझ्यासाठी?”

तिने एकदा कमिटीकडे पाहिलं, एकदा त्याच्या बोटाकडे. “हाव. तुमच्यासाठीच. धुताना गार पानी वापरा, दादा.”

त्याने शाल उलगडून छातीपासून पाठीपर्यंत गुंडाळून घेतली आणि जेवणाच्या पंगतीतही तशीच ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पिठल्यात तिखट जास्त होतं, असं मी शेजारच्याला सांगितलं.

एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा मुखेडच्या स्टँडवर उतरलो. ऊन मी म्हणत होतं. शेषेराव समोरून आला, डोक्यावर ज्वारीचं पोतं आणि अंगावर शाल, काठ बरोबर पुढे काढलेला.

“दादा, उकडत न्हाई का?” रत्नम्माने विचारलं.

“लई उकडतंय की. पण काढली तर लोकांला नाव कसं दिसंल?”

परतताना ती एसटीच्या खिडकीशी पुन्हा कन्नडमध्ये होती, पण या वेळी गुणगुणत होती. आपली पोती आता कायमची जिन्यातच राहणार, हे मला तेव्हाच कळलं.