वाढवलेले पाटे

"वजनाचं बघू हो नंतर, आधी ट्रेलर भक्कम दिसला पाहिजे!" असं म्हणणारं गिऱ्हाईक आलं की दादांना मनातून बरं वाटायचं. भक्कम असणं महाग पडतं, भक्कम दिसणं स्वस्तात होतं. वाचकहो, घर घेताना आपणही आधी रंग बघतो आणि खांब बघतच नाही, तेव्हा त्या गिऱ्हाइकाला नुसती नावं ठेवून आपली सुटका नाही.

दादांचा कारखाना हमरस्त्याच्या कडेला होता. जड माल वाहणारे ट्रेलर तिथे बनत. त्या दिवशी आलेला ठेकेदार सिमेंटचे मोठे पाइप टाकण्याची कामं करायचा. त्याला ट्रॅक्टरमागे जोडायला ट्रेलर हवा होता.

"माल किती भरणार?" दादांनी विचारलं.

"सात-आठ टन."

"मग दोन एक्सल लागतील."

"छे हो! एकावर भागवा. तुमच्याकडे तो पाच टनाचा पडलाय ना, तोच लावा. टायर मात्र जाडजूड दिसू द्या. जुन्यावर नवी नक्षी चढवलेले असले तरी चालतील."

"मागून खाली बसेल की तो."

"मग कमानीत दोन पाटे वाढवा! आता हे पण मीच शिकवू का?"

शिकवायची गरज नव्हतीच. त्या धंद्यात सर्रास हेच चालायचं. हलका एक्सल, म्हणजे चाकांचा आस, घालायचा आणि त्याच्यावरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, पोलादाचे पाटे वाढवायचे. मग वाट्टेल तेवढा माल भरा, ट्रेलर आपला ताठ उभा. बघणारा म्हणतो, वा, काय दणकट गाडी आहे! खाली एक्सल बिचारा होता तेवढाच असतो.

दादांची थोरली बहीण, ताई, कारखान्याची खरेदी सांभाळायची. एक्सल, चाकं, टायर, सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिने विचारलं, "एकाच ट्रेलरला दोन पाटे जास्तीचे कशाला रे?"

दादांनी हसत हसत सांगून टाकलं. ताई हसली नाही.

"अरे, ओझं जास्त झालं की गाडी खाली बसते. बास करा, असं सांगत असते ती आपल्याला. तू तिचं तोंडच बांधतोयस."

"मी नाही म्हटलं तर तो शेजारच्या कारखान्यात जाईल. तो देईलच करून."

"देऊ दे. त्याच्या हातून होईल. तुझ्या हातून कशाला?"

"सगळेच करतात गं ताई!"

"त्याचीच तर धास्ती वाटते. ट्रेलर घेणारा एक, ओढणारा दुसरा आणि रस्त्याच्या कडेला उभा असलेला तिसरा. त्या दोघांना कुणी विचारलं का?"

"झालं तुझं पुराण सुरू," म्हणत दादा उठले. पाटे चढले, जाडजूड टायर बसले आणि वर झकास निळा रंग मारला गेला.

पुढे त्याच ठेकेदाराकडे ताईच्या नवऱ्याला ट्रॅक्टर चालवायची नोकरी लागली. तो इतका जपून चालवायचा की सगळे त्याला 'गोगलगाय' म्हणून चिडवायचे आणि सायकलवालेही हात दाखवून पुढे निघून जायचे. त्याच्या मागे तो निळा ट्रेलर जोडला गेल्याचं दादांच्या कानावर आलं. पण सांगणार कसं आणि कोणत्या तोंडाने? पाटे कोणत्या ट्रेलरला चढले होते ते ताईला ठाऊक नव्हतं, आणि दादांनी ते सांगितलं नाही.

एके दिवशी भर दुपारी बसथांब्यासमोर त्या ट्रेलरच्या एक्सलचं टोक मोडलं. सुटलेलं चाक उसळत गेलं आणि थांब्यावर उभ्या असलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईवर आदळलं. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ठेकेदार लगेच म्हणाला, "ड्रायव्हरने बेफाम पळवला!" आणि कालपर्यंत त्याला गोगलगाय म्हणणारेच माना डोलवू लागले. पोलिसांनी ताईच्या नवऱ्याला आत घातलं. इकडे ठेकेदाराचा दादांना फोन आला, "तुम्ही फक्त एवढंच म्हणा की एक्सल चांगला होता. आपण दोघंही सुटतो."

अपघाताची तपासणी करणारे साहेब कारखान्यात आले, तेव्हा ताई दारातच उभी होती. ती दादांना हळूच म्हणाली, "माझ्या नवऱ्यासाठी म्हणून बोलणार असशील तर बोलू नकोस. त्याच्या जागी कुणी परका असता तरी बोलला असतास का, ते आधी स्वतःला विचार."

दादांनी विचारलं. उत्तर आलं, आणि त्या उत्तराची त्यांना शिसारी आली. परका असता तर ते गप्पच बसले असते!

"साहेब!" ते एकदम ओरडले. "एक्सल मी हलका लावला! ते कळू नये म्हणून पाटेही मीच वाढवले! त्या ड्रायव्हरचा यात काडीचा दोष नाही!"

ताईचा नवरा सुटला. दादांवर आणि ठेकेदारावर खटला उभा राहिला. जामिनावर बाहेर आल्यावर दादा त्या बाईच्या खोलीवर गेले. पायाने चालवायचं शिवणयंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं.

"बाई, ठेकेदाराने पाटे वाढवायला सांगितले आणि मी वाढवले, सगळं खरं सांगून टाकलं," दादा खाली मान घालून म्हणाले.

"तो पाटे वाढवा म्हणाला, तेव्हा एक्सल झेपणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग खरं तेव्हा बोलायचं होतं, दादा. तेव्हा तुमचं एक गिऱ्हाईक गेलं असतं. आता ऐकून मी काय करू?" तिने तोंड भिंतीकडे वळवलं. दादांना क्षमा मिळाली नाही, आणि मागायची त्यांची हिंमतही झाली नाही.

हल्ली दादा आधी मालाचं आणि ट्रेलरचं वजन एकत्र धरतात, मगच एक्सल निवडतात. टायरवर लिहिलेला भार गिऱ्हाइकाला वाचायला लावतात. ऐकत नसेल तर सरळ हात जोडतात. मग ते गिऱ्हाईक तणतणत शेजारच्या कारखान्यात जातं आणि तिथून पाटे वाढवून घेऊन जातं.

म्हणून मंडळी, हे सांगणं एकट्या दादांसाठी नाही. आपण बनवणारे असू, घेणारे असू की नुसते बघणारे, 'सगळेच करतात' हे शब्द ओठांवर आले की तिथेच थांबा आणि 'नाही' म्हणा. अपघातानंतर सांगितलेल्या खऱ्याने निरपराध माणूस सुटतो, पण त्या बाईचा पाय वाचवायला ते ट्रेलर बनतानाच बोलायला हवं होतं.